ओझे कोणाचे?

हाटकेशच्या आमच्या घरात वर्षभर एकच प्रश्न घोळत होता : स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या डोळ्यांतील इंजेक्शने चालू ठेवावीत काय? तिच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरतात. इंजेक्शनाने तो पाझर आवरतो. थांबवले तर समोरचा चेहरा पुसट होत जातो, कडेचे मात्र बहुधा दिसत राहते.

परंतु सुई कशासाठी, हे तिला दर वेळी नव्याने सांगावे लागते आणि सांगितलेले क्षणभरही टिकत नाही. उरते ते केवळ भय.

उपचाराचा त्रास त्याच्या अपेक्षित लाभाशी ताडून पाहावा, असे ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या दयामरणविषयक घोषणापत्रात सुचविले आहे. तेथे प्रश्न जीवनमरणाचा आहे, आमचा नजरेचा. तरी तराजू तोच. अडचण अशी, की त्याच्या पारड्यात आमची रजा, खर्च आणि लोकलची दगदगही गुपचूप जाऊन बसतात. ‘तिला आता काय कळते?’ हे वाक्य आमच्याच तोंडून निघाले, तेव्हा आम्ही दचकलो. विसरणाऱ्यालाही दिसण्याचा हक्क आहे; शिवाय मंदावलेली नजर मनाचा गोंधळ वाढविते.

म्हणून आमचे ओझे उतरवून आम्ही तिचेच तेवढे जोखले आणि डॉक्टरांच्या विचाराने इंजेक्शने थांबविली. चष्मा व घरातील भरपूर उजेड यांत मात्र कसूर होणार नाही.

संध्याकाळच्या रोझरीत ती आम्हांला आवाजावरून ओळखते. आमचे चुकले असेल, तर देव क्षमा करो. तिचे भय पाहवले नाही म्हणून चुकले, आम्ही थकलो म्हणून नव्हे, एवढे त्याच्यासमोर सांगता यावे.