सोय, शोभा आणि विवेक

मनुष्याच्या गरजा भागेपर्यंत त्याची खरी पारख होत नाही. गरजा भागून हाती काही उरले, म्हणजे ती होऊ लागते. भुकेल्याने भाकरी विकत घेतली, यात नीतीचा प्रश्न नाही. परंतु वर्षाचा खर्च भागून चार पैसे शिल्लक राहिले आणि त्यांचे काय करावे असा विचार घरात सुरू झाला, की आपण कोण आहोत हे आपले आपल्यालाच कळू लागते. मोटारगाडीची खरेदी हा आजच्या मध्यमवर्गीय घरातील असाच एक प्रसंग होय. साऱ्या कुटुंबाला आणि सामानाला पुरेल अशी प्रशस्त गाडी घ्यावी, की पाहताच मन मोहून टाकणारी, परंतु दोघांपुरतीच डौलदार गाडी घ्यावी? प्रश्न व्यवहाराचा दिसतो. आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. स्वीडनमधील व्होल्वो या कारखान्याने १९६१ साली पी-१८०० ही कूपे जातीची गाडी बनविण्यास आरंभ केला आणि लगेच १९६२ साली आपल्या अ‍ॅमेझॉन या गाडीचा इस्टेट प्रकार लोकांपुढे ठेवला. या दोघी सख्ख्या बहिणीच म्हणावयाच्या. कूपेचा सांगाडा अ‍ॅमेझॉनच्याच सांगाड्यावरून बेतलेला. दोघींचे इंजिनही एकाच घडणीचे, चार नळकांड्यांचे, फक्त कूपेत ते अधिक जोरकस केलेले. मात्र कूपेच्या पुढील व मागील चाकांमधील अंतर १५ सेंटीमीटरनी कमी. अंतःकरण एक आणि देह दोन, असा हा प्रकार असल्यामुळे तुलनेस तो विशेष सोयीचा आहे.

या दोन जातींची नावेही बोलकी आहेत. इस्टेट किंवा स्टेशन वॅगन ही नावे पाहुण्यांना आणि त्यांच्या सामानाला आगगाडीच्या स्थानकावरून घरी आणणाऱ्या वाहनावरून पडली. उलट कूपे हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ कापलेली. जुन्या घोडागाडीतील समोरासमोरच्या दोन बैठकांपैकी एक कापून टाकली, तेव्हा ते नाव रूढ झाले. एकीचे नाव आतिथ्यातून आले, तर दुसरीचे आसने कमी करण्यातून.

घडणीतही तेच दिसते. अ‍ॅमेझॉनच्या इस्टेट गाडीचा मागील दरवाजा आडवा दुभंगलेला असे. वरचा भाग वर उघडावा, खालचा खाली पाडावा. लांब सामानासाठी खालचे दार उघडे ठेवूनच गाडी हाकावी लागली तर क्रमांकाची पाटी दिसेनाशी होऊ नये, म्हणून ती पाटी बिजागरीवर टांगलेली असे. कोणाला तरी, केव्हा तरी, काहीतरी अवजड न्यावे लागेल, हा विचार घडविणाऱ्याने आधीच करून ठेवला होता. कूपेची रचना पेले पेटरसन या तरुण स्वीडिश रचनाकाराची. तिची रेषा इतकी सुरेख की, १९६२ साली सुरू झालेल्या ‘द सेंट’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत रॉजर मूर याने रंगविलेल्या नायकाला हीच गाडी शोभली. परंतु मागील आसन नावापुरते; लहान मुलांनी वा पेट्यांनी तेथे बसावे.

एवढ्यावरून पुष्कळ जण निकाल देऊन मोकळे होतील की इस्टेट म्हणजे संयम आणि कूपे म्हणजे चैन. आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो. सौंदर्याची ओढ ही दोषास्पद असती, तर दारापुढील रांगोळीही उधळपट्टीच ठरली असती. ज्या घरात उपयोगापलीकडचे काहीच नसते, ते घर काटकसरीचे असेल, पण सुखाचे असेलच असे नाही. शिवाय साध्या वस्तूचाही अभिमान असू शकतो. सात जणांची गाडी घेऊन वर्षभर तीत एकट्यानेच हिंडणारा आणि शेजाऱ्याच्या देखण्या गाडीकडे पाहून नाक मुरडणारा गृहस्थ विवेकी आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

याहून मोठा आक्षेप अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन यांच्या चरित्रातून उभा राहतो. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या या शिक्षकाने १९६६ साली हीच कूपे घेतली. तिची किंमत त्यांच्या जवळजवळ वर्षभराच्या वेतनाइतकी होती. कोणीही शहाण्याने त्यांना बोल लावला असता. परंतु त्यांनी ती गाडी आयुष्यभर टाकली नाही. तेल वेळेवर बदलले, झिजले ते दुरुस्त केले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्का येथे त्या एकाच गाडीचे अंतर ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर, पूर्ण झाले. २०१८ साली ते निवर्तले तोपर्यंत ती त्यांच्याच हाती होती. दर चार-पाच वर्षांनी ‘उपयुक्त’ गाडी बदलणाऱ्यापेक्षा या माणसाने संग्रह कमी केला, हे कबूल केलेच पाहिजे. चैनीची म्हणून घेतलेली वस्तूही निष्ठेने वापरली, तर तिचे व्रत होऊ शकते.

मग दोन्ही सारख्याच काय? तसेही नाही. गॉर्डन यांच्या उदाहरणावरून वस्तूशी कसे वागावे हे कळते. माणसांशी कसे वागावे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. ज्याच्यावर कोणाचा भार नाही, त्याने आपल्या श्रमाच्या पैशाने देखणी गाडी घेतली तर त्याला कोणी जाब विचारू नये. परंतु गृहस्थाचा पैसा त्याच्या एकट्याचा नसतो. घरातील वृद्ध आईचे गुडघे त्या ठेंगण्या, अरुंद आसनात दुमडत नाहीत. ती तक्रार करीत नाही. “तुम्ही जाऊन या, मला कोठे आता हिंडायची हौस आहे?” एवढेच ती म्हणते, आणि आपण तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण तो ठेवणे आपल्या सोयीचे असते. कूपेची किंमत दुकानदाराच्या पावतीवर पुरी लिहिलेली नसते. तिचा काही अंश न बोलणाऱ्या माणसाने भरलेला असतो. आमच्या मते नीतीचा खरा प्रश्न येथेच आहे.

आपल्याकडील जुन्या घरांना ओसरी असे. वर्षातील पुष्कळ दिवस ती रिकामी राही. हिशेबी माणसाला ती वाया गेलेली जागा वाटेल. परंतु अवेळी आलेला वाटसरू तेथेच टेकत असे आणि लग्नकार्यात पंगतही तेथेच बसे. इस्टेट गाडीची मागील रिकामी जागा ही चाकांवरची ओसरी होय. ती सदैव भरलेली असण्यात तिची किंमत नाही. कोणी आले तर ‘जागा नाही’ असे म्हणावे लागत नाही, यात आहे.

सोय व शोभा यांचा मेळ घालण्याचा यत्न खुद्द त्या कारखान्यानेही केला. कूपेचे छप्पर मागे लांबवून व मागे काचेचे दार बसवून १८००-ईएस ही गाडी त्याने काढली. १९७३ साली ती बंद झाली, तोवर ८,०७७ गाड्या निघाल्या. ती देखणी होती, सामानही नेई. मात्र मागे बसणाऱ्या माणसाची अडचण फारशी सुटली नाही. पेट्यांना जागा करणे सोपे असते, माणसांना करणे कठीण.

तेव्हा ज्याच्या घरी माणसे आहेत, त्याने माणसांची गाडी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र घेतल्यावर आपल्या त्यागाची आठवण घरच्यांना रोज करून देऊ नये. कुरकुरत केलेला त्याग हाही इतरांकडून वसूल केलेला करच होय. रस्त्याने एखादी सुरेख कूपे गेली तर तिच्याकडे निर्मळ मनाने पाहावे व कारागिराला मनोमन दाद द्यावी. सौंदर्याचा आनंद घेण्यास मालकी लागत नाही.

याच कारखान्यातील नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली खांदा व कंबर दोन्ही आवळून धरणारा, तीन ठिकाणी अडकविलेला पट्टा सिद्ध केला आणि कारखान्याने त्याचे स्वामित्वहक्क इतर साऱ्या मोटारवाल्यांना मोकळे ठेवले. आज तो पट्टा साध्या गाडीत असतो, तसाच उंची गाडीतही असतो. घरातील कोण कोठे बसणार, हे ठरविणे तेवढे आपल्या हाती राहते.