पाठीवर बसणाऱ्याचं देणं

काका (आमचे मोतद्दार): ताई, चार वर्षांचं घोड्याचं पोर आहे. नीट सरळ चालतंय. आताच आडवी चाल शिकवायची काय घाई?

मी: काका, सरळ चालत नाही म्हणून तर शिकवायची. तुम्हीच म्हणता ना, डावीकडे सहज वळतो, उजवीकडे वळताना खांदा बाहेर टाकतो. घोडा जन्मतःच थोडा वाकडा असतो. अंगाच्या वजनातले पाचातले तीन भाग पुढच्या पायांवर, त्यात माझी भर. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. ती झोळी बळकट नसली की पुढचे पाय लवकर दुखावतात. शोल्डर-इन या आडव्या चालीत खांदे कठड्यापासून तीसेक अंश आत येतात, आतल्या बाजूचा मागचा पाय पोटाखाली येतो आणि वजन उचलायला शिकतो. फ्रान्सच्या ला गेरिनिएरनं 1733 च्या आपल्या ग्रंथात हे मांडलं. आजही जगभर घोडे याच चालीनं घडवतात.

काका: म्हणजे तुमचं वजन सोसायला त्यानं तयार व्हायचं. आणि तुम्ही बसलाच नाहीत तर?

मी: तर याची फारशी गरज नाही.

काका: मग त्याच्या भल्यासाठी करतोय, असं म्हणू नका.

मी: पण कुणीतरी बसणारच आहे, काका. न शिकलेला घोडा हातोहात विकला जातो. कधी वरातीत, कधी टांग्याला. शिकलेल्याला चांगला धनी मिळतो.

काका: जास्त किंमत मोजलेला माणूस कामही जास्तच घेतो. आणि वरातीची भीती दाखवून काढलेला होकार, तो काय होकार म्हणायचा?

मी: बरं, भल्याचं सोडा. देण्याचं बोलू. बसायचं मी ठरवलं, त्यानं नाही. तेव्हा माझं ओझं त्याला पेलेल असं त्याचं अंग घडवणं हे माझं देणं आहे. न घडवता बसणं हा खरा अन्याय.

काका: देणं तुमचं, आणि फेडतो तो? घाम त्याचाच निघतो ना?

मी: माझाही निघतो. माझी मांड स्थिर नसेल तर त्याला काही कळणार नाही. तेही मलाच शिकावं लागतं.

काका: तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही उतरता. त्याला उतरायची सोय नाही.

यावर मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. मग विषय शिकवण्याच्या रीतीकडे वळवला.

मी: रीत तरी बघा. मागचा पाय जमिनीवरून उचलला जातो त्याच क्षणी टाच हलकेच लावायची. तो एक पाऊल सरकला की टाच तिथल्या तिथे सैल. दाब सुटतो तेव्हा त्याला कळतं की हेच हवं होतं. धाकानं करून घेतलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते, हे ग्रीसच्या झेनोफोननं तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

काका: टाच थांबावी म्हणून तो सरकतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला काय किंमत?

मी: नाही म्हणता येतं की! शेपूट फटकारतो, कान मागे टाकतो, श्वास धरतो, पाऊल आखडतो.

काका: ते झालं तुमच्यासमोरचं. तुम्ही उतरून गेल्यावर मी खोगीर काढतो, पाठीवरून बोटं फिरवतो. परवा डाव्या बाजूला, खोगिराच्या मागच्या कडेला, बोट टेकलं की कातडी थरथरत होती. पाठ खाली दबत होती. ते नाही तुम्हाला कुठं ऐकू आलं?

मी: मग आज डावीकडे काहीच मागायचं नाही. आधी खोगीर तपासू, मग पाठ डॉक्टरांना दाखवू.

काका: आणि दुखत नसलं तर?

मी: तरी थोडंच. त्याच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते. आधी जमिनीवर उभं राहून हातानं सरकवायचं, मग पाठीवरून, तेही दुडकीत नाही, साध्या चालीत. दोन-तीन पावलं आडवी, की लगाम सैल सोडून सरळ पुढे. दिवसाचा धडा एवढाच.

काका: एवढं चालेल. पण फेडतो तो, हे माझं म्हणणं कायम आहे.

काकांचं ते म्हणणं मला आजही खोडता आलेलं नाही. घोड्यावर बसणं मी सोडलेलं नाही, सोडावं असंही वाटत नाही. पण एवढं मात्र ठामपणे सांगते: आडवी चाल शिकवण्याचा हक्क आपल्याला घोड्याकडून मिळालेला नसतो. तो आपण घेतलेला असतो, म्हणून त्याची मर्यादाही आपणच पाळायची. तरण्या घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला एक कळकळीची विनंती आहे. खोगीर उतरल्यावर घोड्याची पाठ काय म्हणते ते मोतद्दाराला विचारा, आणि मगच उद्याचा धडा ठरवा.