तलफेच्या घटकेस

वलगावी पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा निवर्तले. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. पुत्राने खराटा घेऊन, पायी हिंडून, गावोगाव दारूचा निषेध केला. त्या देहाला विसावा नव्हता, हेही आम्हांस महत्त्वाचे वाटते.

तलफ लाटेसारखी येते व बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ झपाझप चालावे. तंबाखूची तलफ त्याने मंदावते, असे संशोधनही सांगते. मात्र नित्य अतिपान करणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. त्याने आधी डॉक्टरास भेटावे.

पौलाने धावणाऱ्याचा दाखला इंद्रियदमनासाठीच दिला. पण आमच्या बांधवाने एकट्याने का धावावे? सायंकाळी गुत्त्याची वेळ होताच मंडळीतील कोणी त्याच्या दारी हाक मारावी व त्याला शिवाराकडे फिरावयास न्यावे.