वहीत न चढणारा खर्च

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून घरखर्चाचे सल्ले सुरू होतात. पगाराचे वाटे पाडा, बोनस उडवू नका, यादी करूनच बाजारात पाय ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत. फक्त ते एक गोष्ट गृहीत धरतात: दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घरात पैसा येतो. धाराशिव जिल्ह्यात शिक्षकाचं, एसटीतल्या वाहकाचं घर तसं चालतं. शेतकऱ्याच्या घरात पैसा सुगीला येतो. जून-जुलैत पेरलेलं सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, तूर संक्रांतीच्या सुमारास, ज्वारी-हरभरा होळीच्या अलीकडे-पलीकडे. मधले महिने दूध, शेळ्या, रोजगार आणि उधारी यांवर काढायचे. अशा घराचं अंदाजपत्रक पंचांग समोर ठेवूनच मांडावं लागतं.

२०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येतं. नोकरदाराला या १८ दिवसांनी काही फरक पडत नाही. सोयाबीनवाल्या घरात मात्र एवढ्या दिवसांत रास उन्हात वाळते, मळणी यंत्राचा नंबर लागतो, मजुरी भागते. दिवाळी लवकर आली की ओला माल काट्यावर जातो. उशिरा आली की थोडा श्वास मिळतो. आणि अधिक महिन्याचं वर्ष म्हणजे धोंड्याचंही वर्ष. लेक-जावयाला बोलावणं, धोंडे, अनारसे, कपडे, ऐपतीप्रमाणे चांदीचं काहीतरी, हे सगळं उन्हाळ्याच्या अखेरीस, बी-बियाणं घ्यायच्या तोंडावर येतं. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून हाच खर्च पेरणीनंतर आला. ज्या बाईला हे वर्षभर आधी ठाऊक असतं, ती अंदाजपत्रक करते असं मी म्हणेन, मग तिच्या हातात वही असो वा नसो.

आता खर्चाकडे येऊ. फराळाचा खर्च किती, असं विचारलं की हरभरा डाळ, तेलाचा डबा, साखर, रवा, पोहे, लेकरांचे कपडे, भाऊबीजेची ओवाळणी एवढं मोजलं जातं. चार-पाच एकरांच्या घरात हे सगळं १२ हजारांत बसलं असं धरू. ४,२०० रुपये क्विंटलच्या भावानं एवढ्या पैशाला तीन क्विंटल सोयाबीन पुरतं. पण घरातून तीनच क्विंटल जात नाही. आषाढात आडत्याकडून उचल घेतलेली असते, खत-औषधाची उधारी थकलेली असते, टेम्पोचं भाडं एकदाच द्यायचं असतं. म्हणून २५ क्विंटलची सगळी रास एका खेपेत काट्यावर चढते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि दिवाळीच्या सुमारास बाजारात मिळणारा भाव चार ते साडेचार हजारांच्या आसपास. ४,२०० धरला तर क्विंटलमागे ६९२ रुपये, २५ क्विंटलांचे १७ हजार ३०० रुपये. १२ हजारांच्या दिवाळीपायी १७ हजारांचा हा खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. किराणा दुकानात बाई डाळीच्या भावावर दोन रुपयांसाठी घासाघीस करते, आणि त्याच आठवड्यात तिच्या घरातून हजारो रुपये मुकाट निघून जातात.

हमीभाव केंद्रावर घालायचं होतं ना, असं शहरातून कुणी विचारेल. केंद्रावर पीकपेऱ्याची नोंद, सातबारा, नोंदणीचा नंबर लागतो. सोयाबीनमधला ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. २०२४ मध्ये तो १५ टक्क्यांपर्यंत चालेल असं जाहीर झालं. माल घातल्यावरही पैसे खात्यावर यायला दिवस जातात. धनत्रयोदशीला ज्याला दुकानदाराचं देणं चुकवायचं आहे, त्याला हे परवडत नाही. आडत्या पट्टी हातावर ठेवतो, रोकड देतो. भाव पाडून मिळाला तरी घरात दिवाळी होते.

त्याच २०२४ साली सप्टेंबरच्या मध्याला केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तेलबिया पिकवणाऱ्याला भाव मिळावा हा हेतू होता. ऐन सणात तेल महागलं. सोयाबीन मात्र हमीभावाच्या खालीच राहिलं. शेव-चकली तळणारं घर आणि सोयाबीन विकणारं घर आमच्याकडे एकच असतं.

म्हणून बचतीचा अर्थ मी वेगळा लावते. लाडू चार कमी करा, लेकराला जुनाच सदरा घाला, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. वर्षातून एकदा घरात तुपाचा वास येतो, सासरची लेक माहेरी येते, तिथं कात्री लावायला सांगणारा सल्ला मला माणुसकीचा वाटत नाही. बचत हवी ती थांबता येण्यासाठी. दिवाळीपुरते १२ हजार घरात आधीच असतील, तर रास महिनाभर पत्र्याखाली वाळू देता येते. केंद्रावर घालायची की बाजारात, हे घर ठरवतं.

थांबल्यानं भाव वाढतोच असं नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीननं दहा हजारांचा पल्ला गाठला होता. ती आठवण मनात ठेवून २०२२ च्या हंगामात कित्येकांनी माल घरात ठेवला आणि पुढच्या वर्षी उतरत्या भावानं विकला. तेव्हा थांबणं हा जुगार होऊ द्यायचा नाही. थोडं आधी विकावं, थोडं ठेवावं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी उचलायची. जिथं बाजार समिती ही योजना मनापासून चालवते, तिथं दिवाळीची रोकड आणि थांबण्याची सवड दोन्ही मिळतात. प्रत्येक समितीनं ती चालवावी, याचा आग्रह शेतकऱ्यांनी दसऱ्याआधी धरला पाहिजे.

ज्यांच्याकडे रासच नाही, त्यांचं काय? कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात. तीत दिवाळी होते, जुनं देणं फिटतं, आणि मग पुढचे पाच-सहा महिने कोयता चालवून ती फेडायची. इथं सणापायी अख्ख्या हिवाळ्याची मेहनत आधीच विकली जाते. मला याहून महाग दिवाळी ठाऊक नाही. दारात आठवड्याच्या हप्त्याला येणारी मायक्रोफायनान्सची माणसंही याच दिवसांत कर्ज देऊ करतात. कर्जाचे सगळे हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. पण सुगीच्या घराचं मासिक उत्पन्न म्हणजे वर्षाला बारानं भागलेला आकडा. भाद्रपदात त्या आकड्यातला रुपया घरात नसतो, हप्ता मात्र असतो.

या सगळ्याला या जिल्ह्यातल्या बायकांनीच एक उत्तर शोधून ठेवलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपानं उमरगा-लोहाऱ्याकडची सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त केली. घरं पुन्हा उभी करताना गावोगाव बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामातून त्यातल्या कित्येकजणी बचत गटांकडे, पुढं एक एकर शेतीकडे वळल्या. पुढं महिला आर्थिक विकास महामंडळ, उमेद यांचे गट उभे राहिले. गटाची बैठक जवळून पाहावी. सतरंजीवर दहा-बारा जणी, मधे हिशोबाची वही, नोटांच्या घड्या पदराच्या गाठीतून सुटतात. एकीचा हप्ता चुकला तर कारण सगळ्यांना माहीत असतं. आठवड्याला ५० रुपये म्हणजे वर्षाला २,६००. एकटीचे ते थोडे. बारा जणींचे ३१ हजारांच्या वर. अडलेल्या एकीला आडत्याच्या दारात जाऊ न देण्याइतके ते नक्की असतात.

भिशीही चालते, आणि ओळखीच्या माणसांत ती भली असते. पण वर्षाचा पैसा कुठं ठेवतो याकडे डोळसपणे पाहावं. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच धाराशिव शहरातल्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, म्हणून बहुतेक ठेवीदारांचा पैसा वाचण्याची सोय होती. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजाकडे बघून दिवाळीचा पैसा तिथं टाकण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यावं. आणि उस्मानाबादी शेळीला विसरू नये. बहुधा जुळी देणारी ही शेळी बाईच्या हातची ठेव आहे. करडं केव्हा विकायची हे तिलाच ठरवू द्यावं.

आपल्या भागात एक सण असा आहे की ज्याच्या खर्चाची कुणाला धास्ती नसते: येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप उभारायची, पांडव मांडायचे. ज्वारीच्या पिठाची आंबील, शेतातल्या हिरव्या शेंगांची भज्जी, उंडे, खीर. बहुतेक सगळं शिवारातलं, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही जेवायला हाक. ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवतो. तेव्हा तूर शेंगांनी भरलेली असते, घरात चार पैसे यायचे असतात, नवरा-बायको दोघंही एका ठिकाणी असतात. पुढच्या दिवाळीचा पहिला हप्ता त्याच दिवशी बाजूला काढा. वही दोघांच्या समोर उघडा, त्यात फराळाच्या यादीशेजारी गेल्या दिवाळीत सोयाबीन कोणत्या भावानं गेलं तेही लिहा, आणि ते पान घरातल्या पुरुषानं मोठ्यानं वाचावं.