हलकें काम कोणतें?

मेलेलें ढोर ओढणाऱ्यास गांवानें पिढ्यान्‌पिढ्या हलकें मानिलें. हा न्याय खरा आहे काय, हें आम्ही मातीसच विचारूं इच्छितों.

नगर जिल्ह्यांतील कोणत्याहि सुपीक शेताची मूठभर माती घ्या. तींत कोट्यवधि सूक्ष्म जंतु आहेत. गळलेलें पान, शेण, मृत देह यांचें ते पुन्हा पिकाचें अन्न करितात. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र पिकास देतात. 1888 सालीं बायेरिंक या डच शास्त्रज्ञानें ते प्रथम वेगळे करून दाखविले. राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ अशा जंतूंचें खत शेतकऱ्यांस पुरवितें. हे जंतु थांबले तर पृथ्वी प्रेतांनीं भरेल व भाकरहि मिळणार नाहीं. तेव्हां घाण दूर करणें हें हलकें काम नव्हे.

परंतु येथें सावध असावें. "काम थोर आहे, तर तुम्हींच करा," असें कोणी म्हणेल. जंतु स्वभावानें कुजवितात. मनुष्यावर तें काम जन्मावरून लादलें गेलें. हातानें मैला उचलावयास लावणें 2013 च्या कायद्यानें गुन्हा ठरलें, तें रास्तच होय. कामास मान द्यावा आणि त्याचा भार सर्वांनीं वांटून घ्यावा; भार न घेतां दिलेला मान हें ढोंग होय.