अडीच टनांचा धर्म

खंडेनवमीला मी ज्या हत्याराला हळदकुंकू वाहतो, ते पाहून आमच्या शेजाऱ्यांना मोठी गंमत वाटते. मी राहतो अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एका खेड्यात आणि माझे हत्यार म्हणजे लष्कराचा एम-35 जातीचा जुना ट्रक! 1950 पासून या जातीच्या ट्रकांनी सैन्याची ओझी वाहिली. आमचा ट्रक आता पाठीवर पाण्याची टाकी घेऊन माळावरचे वणवे विझवतो. सरकारने तो गावच्या स्वयंसेवक दलाला वापरायला दिला आहे; मालकी सरकारचीच. दर शनिवारी मी आणि एक म्हातारा शेतकरी त्याची निगा राखतो. ब्रेकचे तेल पाहायचे, बॅटऱ्या तपासायच्या, हवेच्या टाकीत साचलेले पाणी सोडायचे.

2017 च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये एकाच वणव्याने सहा लाखांहून अधिक एकर रान जाळले. तेव्हापासून मला एकच ध्यास लागला : टाकी मोठी हवी! चार हजार लिटर पाणी नेले, तर तितकी अधिक घरे वाचतील.

म्हाताऱ्याने मान हलवली. "याचे नावच अडीच टनी," तो म्हणाला. हे टन अमेरिकन; म्हणजे रस्ता सोडून माळावर उतरल्यावर भार सुमारे 2,270 किलोच. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. शिवाय टाकी आणि पंप यांचे वजन वेगळेच. त्यातून ब्रेकच्या तेलाची वाट एकच. ती फुटली की पायाखालचा ब्रेक गेलाच!

"पण आपण पाणी चांगल्या कामालाच नेतो ना?" मी चिडून विचारले.

"ते ब्रेकला ठाऊक नसते."

मी निरुत्तर झालो. हेतू शुद्ध असला की ओझे हलके होते, ही आपली किती जुनी समजूत! लेकीच्या लग्नासाठी ऐपतीबाहेर कर्ज काढणाऱ्या बापाचा हेतू का वाईट असतो? पण गाडी उलटते तेव्हा आत बसलेली माणसेही सापडतात.

मात्र लगेच दुसरी शंका आली. 'माझी शक्ती एवढीच' असे म्हणून आळशी माणूसही अंग काढून घेतो. मग खरी मर्यादा कोणती आणि सबब कोणती? उत्तर मला शनिवारीच मिळाले, ट्रकखाली उताणा पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहताना. आहे ती शक्ती जो पुरती जपतो, त्यालाच 'याहून अधिक नको' म्हणण्याचा अधिकार.

मोठी टाकी काही आली नाही. यंदाही खंडेनवमीला मी ट्रकला हळदकुंकू वाहिले. पण त्याआधी हवेच्या टाकीतले पाणी न विसरता सोडले.