चव आणि वजन

दिवाळी अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकाला उन्हाळ्याची आठवण करून देणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण उन्हाळ्याविषयी निवांत विचार करावयाचा तर तो थंडीच्या तोंडाशीच करावा लागतो. ऐन वैशाखात माणूस विचार करीत नाही; तो घाम पुसतो.

त्यातून माझा उन्हाळा जालन्याकडचा. पारा बेचाळीस अंशांपर्यंत सहज चढतो. दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नाही आणि वाऱ्याची झुळूक आली तरी ती भट्टीचे दार उघडल्यासारखी येते. माझे आजोळ अंबड तालुक्यातले. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला १ मे १९८१ रोजी. आम्ही मुले परीक्षा संपताच मनमाडला गाडी बदलून मीटरगेजच्या संथ गाडीने जालन्याला उतरत असू आणि तिथून पुढे एस्. टी.ने, धुळीने पांढरे होऊन, मामाच्या दारात.

आणि काय सांगू, त्या उन्हाळ्याइतके सुख मला पुढे कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी लाभले नाही! माळवदाचे घर, जाड मातीच्या भिंती, आत शिरताच अंगावर येणारा सारवणाचा गार वास. दुपारी लिंबाच्या सावलीत टाकलेली बाज. ज्वारीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि कैरीची चटणी. वाळत घातलेल्या कुरडयांचा ओला चीक चोरून खाण्यात जी मजा होती, ती तळलेल्या कुरडईत कधीच आली नाही. रात्री माळवदावर अंथरुणे पडत. पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागे, आणि दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला ती थंडी राजवैभवासारखी वाटे. पण या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे रांजणातले पाणी. ओल्या वाळूत बसविलेला, ओले फडके गुंडाळलेला तो रांजण. त्यात वाळ्याची जुडी टाकलेली. उन्हातून धावत येऊन तांब्याभर पाणी घशाखाली उतरविले, की त्या क्षणी जगाविषयी कसलीही तक्रार उरत नसे.

पुढे शहरात नोकरी करताना मी ही हकीकत अनेकांना ऐकविली. विजेचा पंखा बंद पडला म्हणून कुणी कुरकुरू लागला, की मी रांजण काढीत असे. सुखाला फार लागत नाही, थोडक्यात गोडी मानणारे मन तेवढे हवे, असा माझा सिद्धान्त होता. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस यानेही एका पत्रात म्हटले आहे, की भुकेल्या-तहानलेल्याला साधी भाकर आणि पाणी परमोच्च सुख देतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा साक्षीदार माझ्या बाजूने उभा असल्यामुळे मी निर्धास्त होतो.

ही निर्धास्ती २०१३ च्या मे महिन्यात मोडली. आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरविली होती. जालना जिल्हा दुष्काळाच्या अगदी मध्यावर होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या आणि पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे शेतकरी सरपणासाठी तोडीत होते. मामा केव्हाच वारले होते. मामी थकली होती. तिला भेटायला म्हणून मी गेलो.

दारात पाऊल टाकताच तिने गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केले. येताना वाटेत मी टँकरभोवतीची झुंबड पाहिली होती. हे पाणी प्यावे कसे? मी म्हणालो, "नको मामी, वाटेत प्यालोय." मी खोटे बोललो होतो आणि ते तिला कळले.

"पाणी कमी हाय म्हणून नको म्हंतोस व्हय?" ती म्हणाली. "आरं, आणलंय ते कुणी प्यावं म्हणूनच की!"

मी प्यालो. पाणी गार होते. अपराधी वाटू नये म्हणून मी जुन्या रांजणाची आठवण काढली, त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे, असे काहीबाही बोललो. मामी हसली. रागाचा मागमूसही नसलेल्या आवाजात ती म्हणाली, "तुला त्या पाण्याची चव ठावं हाय रं बाळा. मला त्याचं वजन ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी हट्टाने घागर उचलली. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो ओझे, हे गणित मला शाळेपासून येत होते. खांद्याला ते त्या दिवशी प्रथम आले. लहानपणी शिवारातली विहीर घरापासून चांगली लांब होती. आम्ही माळवदावर गोधडी ओढून घेत असू, त्याच सुमारास मामी पहिल्या खेपेला निघालेली असे. तो रांजण किती खेपांनी भरत असेल, हे मी कधी मोजले नव्हते. किंबहुना रांजण कुणीतरी भरतो, हेच मला सुचले नव्हते. तो आकाशासारखा, आपोआप भरलेला असे.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारीत आलो आहे. इतकी वर्षे मी ज्याला कृतज्ञता समजत होतो, ती खरोखर कृतज्ञता होती काय? आपल्या भाषेने या शब्दातच उत्तर ठेवले आहे. कृत म्हणजे केलेले. ते जाणतो तो कृतज्ञ. नुसते बरे वाटणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. तृप्त झालेले मांजरही उन्हात डोळे मिटून बसते. आपल्यासाठी कुणी काय केले हे जाणणे, ही तिची पहिली अट. ती मी पुरी केली नव्हती. मी चव जाणत होतो. कृत जाणत नव्हतो.

आणि दुसरी एक गोष्ट अधिक टोचणारी. थोडक्यात समाधान मानावे, हा उपदेश बहुधा भरल्या रांजणाजवळ बसलेला माणूस घागर वाहणाऱ्याला करतो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. मामी त्या वर्षी खडी फोडायला जात असे; रेशनवर परदेशातून आलेला लालसर मिलो मिळे. त्या वेळी लोकांनी मिळेल त्यात गोड मानून घरी बसायचे ठरविले असते तर? ते बसले नाहीत. त्यांनी हाताला काम मागितले. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगाला त्या दुष्काळाने बळ दिले आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तेव्हा समाधान हा सद्गुण असला, तरी तो दुसऱ्याला वाटण्याचा प्रसाद नव्हे. तो ज्याने त्याने आपल्यापुरता घ्यावा. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र न्याय द्यावा.

मग तुम्ही म्हणाल, सुख भोगायचेच नाही काय? प्रत्येक घोटाबरोबर कुणाची तरी खेप आठवून कण्हत बसायचे? मलाही काही दिवस तसेच वाटले. त्यातून मला सोडविले तेही मामीनेच. त्याच मुक्कामातली संध्याकाळ. घरातली सर्व कामे उरकून ती ओट्यावर येऊन बसली. भांडी विसळलेले पाणी तिने आधीच दारच्या मोगऱ्याला घातले होते. मग माठातले फुलपात्रभर पाणी घेऊन ती घोटघोट, डोळे मिटून प्याली. शेवटी तिने "हाऽऽ" असा जो सुस्कारा टाकला, तशी तृप्ती मी माझ्या सर्व बालपणात अनुभवली नव्हती. वजन ठाऊक असल्यामुळे तिची चव कमी झाली नव्हती. उलट चव पुरती कळली ती तिलाच. पाणी नाकारण्यात मी मोठे पुण्य करीत आहे, असे मला वाटले होते. वस्तुतः तो तिच्या श्रमांचा अपमान होता. आणलेल्या पाण्याचा मान ते आवडीने पिण्यात असतो, आणि उद्या आपण एक खेप घालण्यात.

माठ पाणी गार कसे करतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तो झिरपतो. त्यातून बाहेर येणारे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी, इतकी उष्णता बरोबर नेते. चिनी मातीच्या चकचकीत बरणीतून थेंबही सांडत नाही, पण तिच्यातले पाणी कोमटच राहते. सुखाचेही असेच असावे. थोडे बाहेर झिरपू दिले तरच उरलेले गार राहते. आपल्या पूर्वजांना हे उमगले असावे. अक्षय्य तृतीयेला, ऐन उकाड्यात, पाण्याने भरलेला घट पितरांच्या नावे दान करण्याची चाल आहे, आणि अनेक घरांत त्या दिवशी नैवेद्य दाखविल्याखेरीज आंब्याला तोंड लावीत नाहीत. आधी ज्यांनी केले त्यांची आठवण, मग आपली जीभ.

ही आठवण हातांत उतरली म्हणजे काय होते, तेही याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाने जालना शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले. तो गाळाने भरला तेव्हा गावातल्या नागरिकांनी वर्गणी काढून गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानांत नेऊन टाकला. कडवंचीच्या लोकांनी नव्वदीच्या दशकात पाणलोटाचे काम केले, पुढे शेततळी खोदली. २०१२ च्या दुष्काळातही त्यांच्या द्राक्षबागा तगल्या. या मंडळींनी पाण्याचे आभार मानले ते कुदळीने.

मामी आता नाही. तिचा रांजण मात्र परसात आहे. त्याला तडा गेला आहे आणि त्यात कुणीतरी तुळस लावली आहे.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला बसलात, की ऊन पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना डोळे मिटा आणि ते सुख मनसोक्त घ्या; त्यात काही पाप नाही. फक्त पाणी तापवायला तुमच्या आधी कोण उठले, एवढे मात्र पाहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या माणसाच्या आधी उठता आले, तर अधिक चांगले.